मशिदीचा गाळा आणि आमचं पोटभाडं

२८ मार्च २०२५, रमजानचा शेवटचा जुमा. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं वक्फ विधेयकाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत लावून नमाजला यायचं आवाहन केलं होतं. वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावातही मशिदीच्या दारात फिती वाटल्या जात होत्या. मीही एक बांधून घेतली. बांधणारे गृहस्थ म्हणाले, "मास्तर, वक्फ की एक इंच जमीन नहीं जाने देंगे." मी मान डोलावली आणि आत गेलो. खुत्ब्यात मात्र माझं लक्ष लागेना. त्या गृहस्थांच्या नावावर त्याच मशिदीचे तीन गाळे आहेत. एकात त्यांचं स्वतःचं दुकान चालतं. उरलेले दोन त्यांनी दुसऱ्यांना किरायानं दिलेत. मशिदीला ते त्या दोन गाळ्यांचे महिन्याला १८० रुपये देतात आणि स्वतः घेतात ८,५००.

इंच कुठं गेला याचा शोध घ्यायला फार लांब जायची गरज नव्हती.

गैरसमज नको म्हणून सुरुवातीलाच सांगतो. २०२५ चा वक्फ सुधारणा कायदा मला मान्य नाही. वापरातून सिद्ध होणाऱ्या वक्फाची संकल्पना पुढच्या काळासाठी काढून टाकणं, वक्फ करणारा पाच वर्षं इस्लाम पाळणारा असावा ही अट घालणं, सरकारी जमिनीचा वाद आला की सरकारी अधिकाऱ्यालाच न्यायाधीश करणं, याला मी तेव्हाही विरोध केला आणि आजही करतो. १५ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं यातल्या काही तरतुदींना स्थगिती दिली, त्याचा मला आनंदच झाला. सच्चर समितीनं २००६ साली सरकारी खात्यांनीच बळकावलेल्या वक्फ मालमत्तांची यादी दिली होती, तीही मी विसरलेलो नाही. हा लेख सरकारच्या बाजूनं नाही. पण सरकारच्या विरोधात लिहिलं की आपली जबाबदारी संपली, असं मानणाऱ्यांच्या बाजूनंही नाही.

आपल्या सभांमध्ये वक्फाच्या लुटीचं एक ठरलेलं उदाहरण असतं, मुंबईतलं अँटिलिया. अनाथालयाची जागा, देशातला सगळ्यात श्रीमंत माणूस, सत्तावीस मजले. बोलायला सोपं, टाळ्या घेणारं आणि आपल्यापासून साडेपाचशे किलोमीटर दूर. बसस्टँडजवळच्या मशिदीच्या गाळ्यांचं उदाहरण कोणी देत नाही, कारण ते दिलं की पहिल्या रांगेतल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतील.

ईदनंतर मी एक उद्योग केला. त्या मशिदीचे गाळे मोजले. चौदा आहेत. कमिटीच्या वहीप्रमाणे सगळ्यांचा मिळून महिन्याचा किराया येतो १,२४० रुपये, म्हणजे वर्षाचे १४,८८०. चौदापैकी पाच गाळ्यांत पावतीवरचा माणूस किंवा त्याची मुलं स्वतः धंदा करतात. नऊ गाळ्यांत तिसराच कोणीतरी बसलाय. या नऊ जणांना मी चहा पीत पीत विचारलं, तू किती देतोस. कोणी ३,५०० म्हणाला, कोणी ६,०००. बेरीज आली महिन्याला ४१,०००, वर्षाला ४ लाख ९२ हजार. ही रक्कम मशिदीच्या भिंतीला लागून असलेल्या दुकानांतून निघते आणि मशिदीत न जाता आठ-नऊ घरांत जाते. त्याच मशिदीच्या इमाम साहेबांच्या पगारासाठी दर जुम्याला झोळी फिरते. त्यांचा पगार ९,००० आहे आणि तोही दोन-तीन महिने तुंबतो.

हे एका मशिदीचं झालं. देशाचा हिशोब सच्चर समितीनं मांडला होता: नोंदणीकृत वक्फ मालमत्ता ४ लाख ९० हजार, जमीन ६ लाख एकर, बाजारभावानं किंमत १ लाख २० हजार कोटी आणि वार्षिक उत्पन्न १६३ कोटी. बाजारभावावर दहा टक्के परतावा मिळाला तर वर्षाला १२,००० कोटी येतील, असं समितीनं म्हटलं होतं. हा आकडा आपण एकोणीस वर्षं भाषणांत वापरतोय, सरकारनं आमचे १२,००० कोटी बुडवले म्हणून. त्यातला काही भाग सरकारनं बुडवला हे खरंच. पण १,२४० आणि ४१,००० यांच्यातला फरक कोणत्या सरकारनं बुडवला?

आता ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसलो, त्या माणसाकडे येतो.

तो शिवणकाम करतो. मानोरा तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेला. अकरा वर्षं तो त्या चौदापैकी एका गाळ्यात बसत होता. गाळ्याची पावती ९० रुपयांची, तो द्यायचा ३,५००. म्हणजे जवळपास ३९ पट. शिवाय सुरुवातीला ५०,००० डिपॉझिट दिलं होतं, कागद नाही. किराया रोख, पावती नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं तरी पावतीवाल्यानं किराया सोडला नाही, डिपॉझिटमधून कापला. मग गेल्या वर्षी मोबाइलवाला एक पोरगा ६,००० द्यायला तयार झाला. पावतीवाल्यानं शिंप्याला महिन्याची मुदत दिली, आणि महिना संपल्यावर सकाळी येऊन पाहतो तर शटरला दुसरंच कुलूप. दोन मशिनी आणि लोकांचे कपडे आत. कपडे चार दिवसांनी मिळाले, मशिनी पंधरा दिवसांनी. डिपॉझिटचं अजून "देखेंगे" चालू आहे.

तो कमिटीकडे गेला. कमिटीचे सदर म्हणाले, आमच्या वहीत तुझं नाव नाही, आम्ही तुला ओळखत नाही. अकरा वर्षं हा माणूस पाच वक्ताची नमाज त्यांच्याच मागं पढत होता. सदर साहेबांचा ईदचा कुर्ताही त्यानंच शिवलेला.

मग तो माझ्याकडे आला. गावात मास्तर माणसाकडे लोक अर्ज लिहून घ्यायला येतात, तसा. मी कायद्याचा माणूस नाही, पण कायदा वाचता येतो. तेव्हा जे कळलं ते इथं सविस्तर लिहितो, कारण हे आपल्या लोकांना कोणीच सांगत नाही.

आपल्याकडे, म्हणजे वऱ्हाडात, भाडेनियंत्रण जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई झाली तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारनं १९४६ साली कायदा केला आणि त्याखाली १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश निघाला. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात. या आदेशाप्रमाणे घरमालकाला रेंट कंट्रोलरच्या परवानगीशिवाय भाडेकरूला जागा सोडायची नोटीससुद्धा देता येत नसे. परवानगी मिळण्याची जी मोजकी कारणं होती त्यात एक होतं, भाडेकरूनं लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं. पुढे मुंबई, विदर्भ आणि मराठवाड्याचे वेगवेगळे कायदे रद्द करून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यात भाडेकरू ठरलेलं भाडं देत असेल तर त्याला काढता येत नाही, आणि भाडं वाढवायचं तर साधारणपणे दरसाल ४ टक्के. चाळीस रुपयांचा गाळा पंचवीस वर्षांत चक्रवाढीनं वाढवला तरी १०७ रुपये होतो.

पण त्याच कायद्याचं कलम २६ म्हणतं की करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूनं जागा पोटभाड्यानं देणं बेकायदेशीर आहे. कलम १६ प्रमाणे हे भाडेकरूला बाहेर काढायचं एक कारणच आहे. आणि गंमत अशी की "घरमालक" या शब्दाच्या व्याख्येत, पोटभाडेकरूच्या बाबतीत, मूळ भाडेकरूचाही समावेश आहे. म्हणजे ९० रुपयांची पावती खिशात घालून फिरणारा माणूस कमिटीसमोर गरीब भाडेकरू असतो आणि शिंप्यासमोर मालक. संरक्षण भाडेकरूचं घ्यायचं आणि कमाई मालकाची करायची.

शिंप्याचं काय? १ फेब्रुवारी १९७३ पूर्वीपासून जे पोटभाडेकरू बसलेले होते त्यांना कायद्यानं पुढे संरक्षण दिलं. तेव्हा आमचा शिंपी जन्मलाही नव्हता. त्यानंतरचा पोटभाडेकरू कायद्याच्या लेखी बेकायदा व्यवहारातला माणूस. आता त्याची कोंडी बघा. त्याला हक्क मागायचा तर आधी सिद्ध करावं लागेल की मी अकरा वर्षं इथं पैसे देऊन बसलो होतो. ते सिद्ध झालं की पोटभाडं सिद्ध झालं. पोटभाडं सिद्ध झालं की मूळ भाडेकरूला काढायचं कारण मिळालं, आणि त्याच्यासोबत पोटभाडेकरूही रस्त्यावर. स्वतःचं म्हणणं खरं ठरवलं की तोच बाहेर पडतो. म्हणून सगळे पोटभाडेकरू गप्प बसतात. कोणी विचारलं तर म्हणतात, "मामांचं दुकान आहे, मी सांभाळतो."

ज्यांची थोडी ऐपत आहे ते पावतीवाल्यासोबत भागीदारीचा कागद करतात. पावतीवाला नावाला भागीदार, नफ्यात त्याचा "हिस्सा" दर महिन्याला तेवढाच. ही युक्ती न्यायालयांना चांगली ठाऊक आहे. गोव्यातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली नीट सांगितलं की जागेचा पूर्ण ताबा तिसऱ्याकडे गेला आहे का आणि त्याचा मोबदला मिळतो आहे का, हे पाहायचं. मोबदला छुपा असतो, त्याचा थेट पुरावा क्वचित मिळतो, म्हणून परिस्थितीवरून निष्कर्ष काढता येतो. भागीदारीच्या कागदामागं काय आहे ते न्यायालय उघडून पाहू शकतं.

पण उघडून पाहायला दावा कोणीतरी लावावा लागतो. पोटभाड्यासाठी गाळा खाली करून घ्यायचा अधिकार कमिटीचा, आणि कमिटीत कोण? पावतीवाले, पावतीवाल्यांचे मेहुणे, पावतीवाल्यांचे व्याही. ज्याला दावा लावता येतो तो लावत नाही आणि ज्याला लावायचाय त्याला लावता येत नाही.

एक हक्क मात्र शिंप्याला होता. विशिष्ट अनुतोष कायद्याचं, म्हणजे स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं, कलम ६ सांगतं की कोणाचाही ताबा कायद्याच्या मार्गानं न जाता, त्याच्या संमतीशिवाय हिसकावला असेल, तर मालकी कोणाची हा प्रश्न बाजूला ठेवून त्याला ताबा परत मागता येतो. रात्रीतून कुलूप बदलणं हा कायद्याचा मार्ग नव्हे. अट एकच, सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा. तो माझ्याकडे आठव्या महिन्यात आला. आधीचे सात महिने तो कमिटी, मग बिरादरीतले मोठे लोक, मग पुन्हा कमिटी असा फिरत होता, कारण सगळ्यांनी त्याला सांगितलं होतं, "कोर्टात नको जाऊ, घरातली गोष्ट आहे." जो कोणी पोटभाडेकरू हे वाचत असेल त्यानं एवढं लक्षात ठेवावं: कुलूप बदललं त्या दिवसापासून सहा महिने. किराया शक्यतो फोनवरून पाठवायचा, हातात रोख द्यायचा नाही. घरातली गोष्ट म्हणणाऱ्याला तारीख विचारायची.

कायदा एवढ्यावर सोडतो. आता दीनकडे येऊ, कारण मशिदीच्या गाळ्यावर बोलताना शेवटी सगळे तिथंच येतात. मला अनेकांनी ऐकवलं, "मास्तर, किराया घेणं हलाल आहे." किराया हलाल आहेच. पण आपण विदर्भातले बहुतेक सगळे हनफी. हनफी फिकहमध्ये हा मसला जुनाच आहे. एखाद्यानं भाड्यानं घेतलेली वस्तू जास्त भाड्यानं पुढे दिली, त्यात स्वतः काही भर घातली नाही, आणि भाडंही त्याच प्रकारचं असेल, तर वरचा पैसा त्याच्यासाठी पाक नाही. तो सदका करावा. शाफई मसलकमध्ये याला मुभा आहे, त्यामुळे कोकणातल्या बांधवांनी माझ्यावर रागावू नये. पण तलाक असो की तरावीह, प्रत्येक बाबतीत हनफी मसलक सांगणारी मंडळी गाळ्याच्या बाबतीत अचानक शाफई होतात, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि ही साधी वस्तू नाही, वक्फ आहे. वक्फाबद्दल फुकहा अजून कडक आहेत. वक्फाची जागा उजरत-ए-मिस्लनं, म्हणजे तशाच जागेला बाजारात जो किराया मिळतो त्यानंच द्यायची. मुतवल्लीनं फार कमी किरायात दिली तर तो करारच सदोष. वाकिफनं काही अट घातली नसेल तर हनफी उलमांनी मुदतही घालून दिली: घर-दुकान एक वर्ष, शेतजमीन तीन वर्षं. कारण त्यांना माणसाचा स्वभाव माहीत होता. लांब मुदतीनं बसलेला माणूस हळूहळू मालक होतो, आणि लोकही त्याला मालक समजू लागतात. हे त्यांनी कित्येक शतकांपूर्वी लिहून ठेवलं. आमच्याकडे एकेका गाळ्याला साठ वर्षं झाली.

हजरत उमर यांना खैबरमध्ये जमीन मिळाली तेव्हा रसूलुल्लाहांनी त्यांना जो मार्ग सांगितला तो आपण प्रत्येक वक्फाच्या सभेत ऐकतो. मूळ विकायचं नाही, बक्षीस द्यायचं नाही, वारशात जायचं नाही, आणि फळ गरजवंतांना. आता आमच्या गाळ्यांकडे बघा. पावती पगडी घेऊन "दिली" जाते, म्हणजे विकली जाते. जावयाच्या नावावर केली जाते, म्हणजे बक्षीस. आणि बाप वारला की मुलांच्या वाटणीत शेत, घर आणि गाळा अशी तीन नावं येतात. वक्फ वारशात जात नाही, पण वक्फाच्या गाळ्याची पावती मात्र बरोबर वारशात जाते. बहिणीला तिथंही हिस्सा देत नाहीत, तो वेगळा विषय.

पावतीवाल्यांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. त्यांचं पहिलं म्हणणं असं की आमच्या वडिलांनी पगडी दिली होती. खरं आहे. अनेक ठिकाणी कमिटीनंच पगडी घेतली, त्यातून वजूखाना बांधला, छत टाकलं. भाडेकरूनं हक्क सोडताना पैसे घेणं हे १९९९ च्या कायद्यानं सर्वसाधारण घरांच्या बाबतीत मान्यही केलं. पण १९६५ साली दिलेल्या पाचशे रुपयांनी साठ वर्षांचं पोटभाडं विकत घेता येतं का? स्वतः बसायचा हक्क पगडीनं मिळाला असेल, तर बसा. कोण उठवतंय? स्वतः धंदा करणाऱ्या त्या पाच जणांबद्दल मी एक शब्द बोललेलो नाही. त्यांचा किराया वाढला पाहिजे एवढंच.

दुसरं म्हणणं मला जास्त त्रास देतं. नऊपैकी एक पावती एका विधवेच्या नावावर आहे. तिला दुसरं उत्पन्न नाही. पोटभाड्याचे ४,००० आले नाहीत तर चूल पेटत नाही. तिचा गाळा काढून घ्या, असं मी म्हणू शकत नाही आणि म्हणणारही नाही. पण गाळा थेट त्या धंदेवाल्याच्या नावावर करून मशिदीनं ४,००० घेतले, आणि त्यातून तिला वजीफा म्हणून दिले, तर तिचं काय बिघडतं? बिघडतं ते इतर आठ जणांचं. त्यांना तसा वजीफा मागता येणार नाही. त्यातल्या दोघांकडे ट्रॅक्टर आहे. म्हणून चर्चा सुरू झाली की सगळे आधी त्या विधवेला पुढे करतात.

तिसरं म्हणणं सगळ्यात जोरात येतं, आणि सुशिक्षितांकडून येतं. "वेळ चुकीची आहे. तुम्ही हे लिहिलं की त्यांच्या हातात कोलीत मिळतं." मित्रहो, कोलीत त्यांच्या हातात आधीच आहे. २०२५ चा कायदा आणताना वक्फाच्या गैरव्यवस्थापनाचं जे कारण दिलं गेलं, ते कुठून आलं? सगळंच खोटं नव्हतं. आणि वेळेचंच म्हणाल तर आपल्याकडे वेळच वेळ होता. १९९५ च्या कायद्याच्या कलम १०७ मुळे वक्फाची जागा परत मागायला मुदतीचं बंधन नव्हतं. कितीही वर्षांनी दावा लावता येई. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वक्फाच्या भाडेकरूला काढायचे दावे दिवाणी न्यायालयात चालतील, न्यायाधिकरणात नाही. तेव्हा सगळे म्हणाले, काय करणार, दिवाणी कोर्टात वीस वर्षं जातात. २०१३ च्या दुरुस्तीनं तीही सबब काढून घेतली. भाडेकरूचे वाद न्यायाधिकरणाकडे आले, आणि ज्याचा भाडेपट्टा संपलाय किंवा रद्द झालाय असा माणूसही अतिक्रमणदाराच्या व्याख्येत आला. २०१४ साली भाडेपट्ट्याचे नियम आले, जाहीर बोलीची पद्धत आली. दहा-अकरा वर्षं ही हत्यारं आपल्या हातात होती. आमच्या कमिटीनं एकही वापरलं नाही.

आता २०२५ च्या कायद्यानं कलम १०७ चं ते कवच काढलं आणि वक्फाला साधा मुदतीचा कायदा लागू केला. न्यायालयानं या तरतुदीला स्थगिती दिलेली नाही. याचा अर्थ पावतीवाल्यांना कळलाय, आपल्याला कळलेला नाही. भाडेकरार संपुष्टात आल्यापासून बारा वर्षांत मालकानं ताबा मागितला नाही तर पुढे दावाच चालत नाही. म्हणजे ज्या गाळ्यांचे करार कधीच संपलेत आणि कमिटी नुसती वहीत ९० रुपये लिहीत बसली आहे, तिथं घड्याळ सुरू झालेलं असू शकतं. एक इंच जाऊ देणार नाही म्हणता ना? मग करारांच्या तारखा काढा.

उमीद पोर्टलवर मालमत्ता चढवायची धावपळ झाली तेव्हा आमच्या कमिटीनंही रात्री जागून कागद गोळा केले. माझ्या एका विद्यार्थ्यानं कॉम्प्युटरवर सगळं भरलं. भाडेकरूंच्या रकान्यात चौदा नावं गेली, तीच वहीतली. त्यातले चार जण मरण पावलेले आहेत. शिंप्याच्या जागी आलेल्या मोबाइलवाल्याचं नाव कुठं येणार? त्याला उद्या काढलं तर तोही कमिटीच्या ओळखीचा नसेल.

हे फक्त गाळ्यांचं दुखणं नाही, हेही खरं. माझा पुतण्या पुण्यात शिकतो. मुसलमान म्हणून सात ठिकाणी घर नाकारलं गेलं, शेवटी आपल्याच एका भाईजाननं आसरा दिला. भाईजाननं फ्लॅट १६,००० ला घेतलाय आणि सात पोरं ठेवलीत, प्रत्येकी ४,०००. करारात पोटभाड्याला मनाई आहे, त्यामुळे घरमालक आला की पोरं जिन्यात जाऊन बसतात. दार बंद करणाऱ्यांबद्दल आपण खूप लिहितो, लिहिलंच पाहिजे. पण दार बंद झाल्यावर बाहेर उभ्या राहिलेल्या आपल्याच पोराकडून महिन्याला १२,००० वर कमावणाऱ्याला आपण दुआ देतो, सहारा दिला म्हणून.

मला काय हवंय ते सरळ सांगतो. कमिटीनं एका जुम्याला जाहीर करावं की तीन महिन्यांत प्रत्येक गाळ्यात खरोखर कोण बसलंय त्याची नोंद होईल. जो बसलाय आणि पैसे देतोय, त्याच्याशी थेट, लेखी, नोंदणीकृत करार व्हावा, नियमात बसेल त्या मुदतीचा. आज तो जे देतो त्याहून कमी किराया त्यानं मशिदीला द्यावा, समजा ४१,००० च्या जागी नऊ जणांचे मिळून ३०,००० आले, तरी इमाम साहेबांचा पगार निघून २१,००० उरतात. त्यातून त्या विधवेचा वजीफा, चार पोरींची कॉलेजची फी. शिंप्याला त्याचा गाळा परत मिळावा की मोबाइलवाल्याला ठेवावं, हा अवघड प्रश्न आहे. मोबाइलवाल्याचा काही गुन्हा नाही. माझ्याकडे त्याचं उत्तर तयार नाही. पण डिपॉझिटचे ५०,००० कोणी परत द्यायचे याचं उत्तर सोपं आहे.

हे सगळं मी कमिटीच्या बैठकीत बोललो. थोडा वेळ शांतता होती. मग फिती वाटणारे तेच गृहस्थ उठले आणि म्हणाले, "मास्तर, आधी तुमच्या घरचं सांगा."

बरोबर बोलले. त्या नऊ गाळ्यांतला एक आमचा आहे. अजोबांनी १९६८ साली घेतला, तिथं ते विड्या विकायचे. अब्बा नोकरीला लागले आणि गाळा एका सायकलवाल्याला दिला. पावती तेव्हा १२ रुपयांची होती, सायकलवाला १५० द्यायचा. माझं बी.एड. त्या पैशांवर झालं. बहिणीच्या लग्नाचं अर्धं सामान त्यावर आलं. आज तिथं एक जण झेरॉक्सचं दुकान चालवतो आणि आम्हाला ५,००० देतो, मशिदीला आम्ही ११० देतो. अब्बा जाऊन सहा वर्षं झाली, पावती अजून त्यांच्याच नावानं फाटते. मी जे आकडे वर दिले त्यात हे ५,००० धरलेले आहेत. त्या दिवशी बैठकीत मी ते आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. धीर झाला नाही.

गाळा कमिटीच्या स्वाधीन करून झेरॉक्सवाल्याच्या नावावर करावा, असा अर्ज मी लिहिलाय. अम्मी म्हणाल्या, "तुला पगार आहे, तुला परवडतं." धाकट्या भावाला पगार नाही, त्याचं हार्डवेअरचं दुकान गेल्या दोन सोयाबीन हंगामांपासून रडतखडत चाललंय, आणि गाळ्याचे ५,००० गेली तीन वर्षं तोच घेतो. बहिणीनं फोनवर सांगितलं, माझी सही घे. अर्जावर तिची आणि माझी सही झाली आहे. भावाच्या सहीची जागा रिकामी आहे, आणि कमिटी म्हणते सगळ्या वारसांच्या सह्या असल्याशिवाय अर्ज घेणार नाही.